अन्य कोणीही वारस नाही

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की हौशीरामानं आडपडदा ठेवला. माझे वडील सावळेराम घोलप १९९४ साली वारले. त्यांच्यामागं आम्ही दोघंच, मी आणि माझी थोरली बहीण ठमाबाई. मी तिला अक्का म्हणतो. सातबाऱ्यावर मात्र नाव एकच लागलं, माझं. वारसाचं प्रतिज्ञापत्र मीच टाइप केलं होतं आणि त्यात ते ठरलेलं वाक्य होतं, 'सदर मयतास माझ्याव्यतिरिक्त अन्य कोणीही वारस नाही.' अक्कानं त्यावर एकतीस वर्षांत चकार शब्द काढला नाही. दर दिवाळीला डिंगोऱ्याहून करंज्यांचा डबा मात्र न चुकता यायचा. रिकामा डबा परत करायचा नसतो म्हणून बायको त्यात मूठभर साखर घालून पाठवायची. करंज्या मी खायचो, पण त्या दिवशी मला कुणाच्या डोळ्याला डोळा देता येत नसे.

मी घोडेगावात वकिलाचा कारकून आहे. पस्तीस वर्षं एकाच ऑफिसात काढली. तहसील कचेरीपासून हाकेच्या अंतरावर दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत माझं टेबल आणि पक्षकारांसाठी लाकडी बाक. आधी जुने वकीलसाहेब होते. ते थकल्यावर त्यांच्या खुर्चीवर खुशबूमॅडम आल्या. बाजारपेठेतल्या खेमचंदशेठ कापडवाल्यांची ही नात. लहानपणी दुकानाच्या गादीवर बसून गिऱ्हाइकांना 'बसा, पाणी घ्या' म्हणायची, आता पक्षकारांना तेच म्हणते. चार लोकांत मी तिला अहो-जाहो करतो, ती मला काका म्हणते. आमचं छान चाललेलं असतं.

माझं सगळं भांडवल म्हणजे दहा बोटं. टाइपरायटरच्या काळात लोक दारात उभे राहून माझे हात बघायचे, आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. वारसाचं प्रतिज्ञापत्र तर मला तोंडपाठ नव्हे, बोटपाठ होतं. पक्षकारानं नावं सांगायची, मी 'हं' म्हणायचं, की सात मिनिटांत कागद त्याच्यापुढं, आणि सही करायच्या जागी पेन्सिलीची फुली. शेवटी छापलेलं असायचंच, 'वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मला समजला व मान्य आहे.' वाचून कुणी दाखवत नसे, सात मिनिटांत ते बसतही नसे.

यंदा दोन गोष्टी एकदम झाल्या. सातबाऱ्यावरची मेलेल्या माणसांची नावं काढून वारसांची लावायची मोहीम निघाली आणि बाकावर बसायला जागा उरेना. त्यातच माझं उजव्या हाताचं मधलं बोट आखडायला लागलं. सकाळी दुमडलेलं असायचं, ते दुसऱ्या हातानं सोडवावं लागायचं. मंचरचे डॉक्टर म्हणाले, बोटाला विश्रांती द्या. मी म्हटलं, मग पोटालाही द्यावी लागेल.

तेव्हा मॅडमनी माझ्यापुढं एक फोन ठेवला. "काका, हा माईक दाबायचा आणि बोलायचं. तुम्ही बोलाल ते समोर कॉम्प्युटरवर उमटेल."

मी दोन दिवस फुरंगटून बसलो. ज्या माणसाच्या हाताचा वेग सगळ्या तालुक्याला माहीत, त्यानं आता फोनला गोष्टी सांगत बसायचं का? तिसऱ्या दिवशी बोट फारच दुखलं, तेव्हा दाबला माईक. पहिल्या आठवड्यात माझा घसा बसला. दुसऱ्या आठवड्यात चार मिनिटांत एक प्रतिज्ञापत्र व्हायला लागलं, आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला हे नवं यंत्र अशा थाटात दाखवू लागलो, की जणू ते मीच शोधून काढलं होतं.

एकच कटकट होती. टाइप करताना मी काय लिहितोय ते माझं मला ठाऊक असायचं. आता सगळा बाक ऐकायचा. "ओ भाऊ, वय चौसष्ट लावा, बासष्ट न्हाई." "आमच्या आईचं माहेरचं नाव लागतंय व्हय तिथं?" मी कावायचो. पण महिनाभरात ध्यानात आलं, की तलाठ्याकडून चूक दुरुस्तीला माघारी येणारे कागद बंदच झालेत. खरा वेळ त्यातच जात होता. मग मी कावणं सोडलं, निदान मोठ्यानं कावणं सोडलं.

एका मंगळवारी पारगावचा भरत आला, सोबत त्याची आई साळुबाई. भरतचे वडील धर्माजी गेल्या वर्षी वारले होते. उसाची दोन एकर जमीन, ती आईच्या आणि त्याच्या नावावर करायची होती. भरतनं दोनच नावं सांगितली. मी माईक दाबला आणि सुरू झालो. साळुबाई मांडीवर पिशवी घेऊन बाकाच्या टोकाला बसल्या होत्या. मी शेवटाकडे आलो, "सदर मयत धर्माजी यांना वरील दोघांव्यतिरिक्त अन्य कोणीही वारस नाही."

"आन समृद्धी?" साळुबाई म्हणाल्या.

फोनला काय, माणूस कुठला हे कळत नाही. माईक चालूच होता. पडद्यावर माझ्या वाक्याला जोडून समृद्धीचं नाव उमटलं.

"आये, ती चाकणला हाय, तिच्या घरी सुखात हाय," भरत म्हणाला. "तिला काय पायजे न्हाई, ती म्हणलीच हाय."

"म्हणली असंल तर हितं येऊन म्हणू दे. पर पोरगीच न्हाई असं कसं सांगतुय ह्यो बाबा?"

ह्यो बाबा म्हणजे मी. भरत तसा चांगला माणूस. चार लोकांत त्याचा चेहरा उतरला. त्यानं तिथूनच बहिणीला फोन लावला. पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही, पण त्यानं फोन खिशात टाकला आणि मान डोलावली. "लावा तिचं बी नाव. ती म्हणती, आधी नाव लाव, मग काय द्यायचं-घ्यायचं ते दिवाळीला बसून बोलू." साळुबाईंनी पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून त्याच्या हातावर ठेवला. चाळिशीच्या माणसानं तो तिथंच खाल्ला.

पुढचा पक्षकार एकुलता एक होता. त्याच्या बाबतीत ते वाक्य सोळा आणे खरं होतं. तरीही मी माईक दाबला आणि 'अन्य कोणीही' पाशी अडलो. पाणी प्यालो, पुन्हा अडलो. बोटांनी हजार वेळा बिनतक्रार लिहिलेलं वाक्य तोंडातून बाहेर पडेना. शेवटी ते मॅडमनी पूर्ण केलं.

संध्याकाळी मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी मला पाणी दिलं. मग वकील झाल्या. "फेरफार जुना आहे काका. अक्कांच्या नावानं प्रांतांकडे अपील करावं लागेल, सोबत उशीर माफीचा अर्ज. तुमचं प्रतिज्ञापत्र त्याला जोडू. तुम्ही स्वतःच कबूल म्हणताय म्हटल्यावर अवघड नाही, पण वेळ लागेल." घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "मी लग्नापासून हेच सांगतेय." ते खरंच होतं.

मी अक्काला फोन केला. म्हटलं, घोडेगावला ये, एका कागदावर सही पाहिजे.

"अजून काय हक्क राह्यलाय का सोडायचा?" अक्का म्हणाली. "येते की. जुन्नरवरनं सकाळची गाडी हाय." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. मी नुसतं 'गुरुवारी ये' म्हटलं आणि फोन ठेवला.

गुरुवारी ती आली आणि बाकावर बसली. त्या दिवशी मॅडमनी दुसऱ्या पक्षकारांना दुपारनंतर बोलावलं होतं. मागच्या दिवाळीचा डबा घरीच राहिला होता, तो मी आणला होता, नेहमीसारखा साखर घालून. तो तिच्या शेजारी ठेवला आणि माईक दाबला.

"मी, हौशीराम सावळेराम घोलप, वय अठ्ठावन्न, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, माझे वडील मयत सावळेराम यांना दोन वारस आहेत. मुलगी ठमाबाई, वय..." आणि थांबलो. सगळ्या तालुक्याची वयं लिहिलेल्या मला बहिणीचं वय माहीत नव्हतं.

"चौसष्ट," अक्का म्हणाली. "तू झालास तवा मी सहाची व्हते." फोननं तेही लिहून घेतलं.

मी माईक बंद केला. "अक्का, हा सोडायचा कागद नाही, तुझं नाव लावायचा आहे. आबा गेले तेव्हा तुझं नाव मी घातलं नव्हतं."

"ठाऊक हाय मला. मी हितंच तर व्हते."

मला काहीच आठवत नव्हतं.

"आबांचं दहावं झालं आन तुझ्यासंगं आले व्हते. तू मशीनवर, मी ह्याच बाकावर. तुझा हात लई जोरात चालायचा. लोकं दारात थांबून बघत व्हती. मला लई बरं वाटलं, माझा भाऊ हाय म्हणून." ती डब्याचं झाकण चाचपत होती. "वाचता कुठं येतंय मला. मला वाटलं, माझं बी नाव लिहितुय."

"आणि नंतर कळलं तेव्हा?"

"म्हणलं, घाईत राह्यलं असंल."

मला रडू आलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी, ऑफिसात, भर दुपारी. ते घाईत राहिलं नव्हतं, मी जाणूनबुजून गाळलं होतं, आणि तेही मी तिला सांगून टाकलं. अक्कानं ऐकून घेतलं. पदरानं स्वतःचे डोळे पुसले, मग माझेही पुसायला लागली. मॅडम आतल्या खोलीत एक फाइल उघडून बसल्या होत्या, बहुतेक उलटी धरून.

"लाव की ते यंत्र," अक्का म्हणाली. "आता सावकाश म्हण."

मी आधीचं पुसून पहिल्यापासून म्हटलं, अक्काला कळेल अशा बेतानं. 'मुलगी ठमाबाई, वय चौसष्ट' इथं आलो तशी ती पुढं सरकली. "परत म्हण बरं एकदा." मी परत म्हटलं. त्या एका कागदाला बावीस मिनिटं लागली. पस्तीस वर्षांत माझा इतका हळू कागद झाला नव्हता.

मॅडमनी पडद्यावर वाचलं आणि म्हणाल्या, "काका, अक्कांचं नाव दोनदा आलंय. एक काढते."

"प्रांतांसाठी काढा," मी म्हटलं. "पण त्याआधी आहे तस्सा एक प्रिंट द्या."

तो कागद मी अक्काला दिला आणि तिचं नाव कुठं कुठं आहे ते बोट ठेवून दाखवलं, त्या आखडलेल्याच बोटानं. तिनं दोन्ही जागी हात फिरवला, कागदाची बारीक घडी केली आणि डब्यात साखरेवर ठेवून झाकण लावलं. मग म्हणाली, गाडीला अजून तासभर हाय, कुठं चांगला चहा मिळत असंल तर चल.