साय शेवटी घालायची

आधी एक सांगून ठेवते. कोंबडीत साय घातली म्हणून कुणाच्या अंगावर कोड उठत नाही. उठत असतं तर जबलपूरची अख्खी पलटण पांढरी झाली असती, आणि कर्नलबाई सगळ्यांच्या आधी. पण औंधपासून कोसभर आत आमच्या गावात येऊन कुणालाही विचारा, शालूबाईच्या शैलाला कोड कशानं आलं? शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल, वहिनीनं घातलं. ती वहिनी मी. रेश्मा.

माझं माहेर सातारा शहरातलं, वडील एसटीत कंडक्टर. मला या शेतकऱ्याच्या घरात दिली ती नवऱ्याची मिलिटरीतली नोकरी बघून. आमचे हे, शंभूराज, तेव्हा जबलपूरला होते. क्वार्टर मिळालं आणि मी गेले. दोन खोल्या, एक गॅस, दारात तुळशीची कुंडी. आयुष्यात सुखाचं म्हणून जे काय झालं ते तिथंच झालं.

तिथं महिन्यातनं एकदा बायकांची मीटिंग असायची. कर्नलबाई कधी शिवण शिकवायच्या, कधी स्वैपाक. एकदा त्यांनी ही कोंबडी करून दाखवली. एकच खोलगट, जाड बुडाचं प्यान. लोण्यावर कोंबडीचे तुकडे लालसर परतायचे, त्यात लसूण, मिरपूड, बटाट्याच्या चकत्या. मग संत्र्याचा रस ओतून झाकण ठेवायचं. शिजलं की लिंबू पिळायचं, प्यान खाली उतरवायचं, जरा निवू द्यायचं आणि मगच फेटलेली साय घालायची. "मलाई लास्ट में," बाई बोट नाचवत बजावायच्या, "आग पे डाली तो फट जाएगी!" ना वाटण, ना खोबरं भाजणं. आम्ही इकडच्या बायका तोंडाला पदर लावून हसलो. बिनतिखटाची कोंबडी, ही काय आजाऱ्याची पेज का काय! पण त्या रविवारी मी करून बघितली, आणि ह्यांनी भाकरीनं प्यान पुसून खाल्लं. मग दर रविवारी तेच. कॅन्टीनमधनं तसलंच प्यान आणलं ह्यांनी, माझ्यासाठी.

पुढं ह्यांची बदली बर्फात झाली. तिकडं बायका नेता येत नाहीत, म्हणून मी प्यान घेऊन गावी आले, सासूच्या हाताखाली. सासरे कधीच गेलेले. घर, रान, म्हशी सगळं आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाई शालूबाईंच्या, एका शब्दावर चालायचं. आणि लग्नाची नणंद, शैला.

शैलाच्या डाव्या कोपराच्या वर एक पांढरा डाग होता. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीपासूनचा. पोरगी चौदा-पंधराची असताना उठलेला. आत्याबाईंनी गुपचूप वाईच्या वैद्याचा लेप लावला, म्हसवडच्या सिद्धनाथाला नवस बोलला, आणि पोरीला बारा महिने लांब बाह्यांत ठेवली. मला कळलं ते जबलपूरला जायच्या आधी, तिला न्हाऊ घालताना. तिनं माझ्या गळ्यात पडून शप्पथ घातली, म्हणून मी कुणाला बोलले नाही. जबलपुरात असताना मिलिटरी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना मुद्दाम विचारून आले होते. त्या म्हणाल्या, खाण्यानं होत नाही, शिवल्यानं होत नाही, आणि यात लाजण्यासारखं काही नाही. मी येऊन घरात सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "डाक्टरला काय जातंय बोलायला? तिला काय पोरीचं लगीन करायचंय?"

शहाण्णव साली ह्यांची बदली बेळगावला झाली. क्वार्टर मिळालं. बेळगाव! साताऱ्याहून बसलं की एका गाडीचा रस्ता. मी ट्रंक पुसून काढली. आत्याबाई म्हणाल्या, "शैलाचं जुळू दे, मग जा. घरात कार्य असताना घरची सून लांब शोभती व्हय?" मी ट्रंक परत खाटेखाली ढकलली. तेव्हापासनं शैलाचं लग्न ठरावं म्हणून तिच्या आईपेक्षा मीच जास्त देव पाण्यात घालून बसले होते.

आणि स्थळ आलं. सांगलीकडचं, वाळव्याच्या बाजूचं, ऊसवाले. मुलगा मिलिटरीत क्लार्क. पोरगी बघून गेले, पसंत पडली. आता बोलणी करायला मुलाचे आईवडील येणार, नानासो आणि बनुबाई, आणि जेवूनच जाणार.

आत्याबाई मला म्हणाल्या, "तुझी ती मिल्ट्रीची कोंबडी कर. रस्सा काय, समदीच करत्यात. जावई बी मिल्ट्रीतला हाय, तेंचा मान ऱ्हाईल."

"त्यात साय लागते, आत्याबाई."

"ठाव हाय मला. न्हाई खाल्ली व्हय मी?"

खाल्ली होती की! हे सुट्टीवर आले तेव्हा केली होती, तर आत्याबाईंनी दोनदा वाढून घेतली आणि वर बोटं चाटली. आमच्यात कोंबडं घरातल्या चुलीवर चढत नाही, तिथं शेजारी देव्हारा. परड्यात वेगळी चूल, वेगळी भांडी. आणि दुधाचं भांडं त्या चुलीकडं फिरकतसुद्धा नाही. दूध आणि कोंबडी पोटात एक झाली की कोड उठतं, हे आमच्याकडं लहान मुलाला चालायच्या आधी शिकवतात. तरी आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं सायीची वाटी काढली, पदराखाली झाकून परड्यात आणली आणि माझ्याजवळ ठेवली. "कुनी इचारलं तर खोबऱ्याचं दूध म्हनायचं. काय?"

"बरं," मी म्हटलं. मला काय, बेळगाव दिसत होतं.

त्या दिवशीसारखी कोंबडी मी जन्मात केली नाही. औंधच्या बाजारातनं संत्री आणवली होती. चुलीच्या जाळानं प्यानची मूठ करपली, माझा तळहात भाजला, पण कोंबडी कशी, नुसतं बोट लावलं की सुटत होती. प्यान उतरवलं, निवू दिलं, साय घातली. पिवळसर, दाट, जराशी आंबूस. सोप्यात नानासोंनी पहिला घास घेतला आणि मान हलवली. "आयला, लय झ्याक! ह्ये कुठलं गा?" बनुबाई आत आमच्यात बसल्या होत्या. त्यांनी तीनदा घेतली, आणि खोबऱ्याचं दूध किती नारळांचं काढलं तेही विचारलं. आत्याबाईंनी न अडखळता सांगितलं, दोन.

हात धुऊन झाले. बोलणी झालीच होती म्हणा. नानासो पानाला चुना लावत होते. बनुबाईंनी पिशवीतनं दंडात घालायचं एक चांदीचं कडं काढलं आणि शैलाला जवळ बोलावलं. "ये गं बाळ. वाकीचं माप घिऊ दे." आणि शैला मागं सरायच्या आत त्यांनी तिचा डावा हात धरून बाही वर सारली.

बनुबाईंनी डागावर बोट फिरवलं, थुंकी लावून घासलं. मग कडं परत पिशवीत टाकलं.

"आवं," त्यांनी नवऱ्याला हाक मारली, "हिकडं या. कोड हाय पोरीला!"

नानासो दारात आले. "रक्तातलं हाय का?" एवढंच विचारलं त्यांनी. आणि मला आधी शैला दिसली नाही, खरं सांगते, मला खाटेखालची ट्रंक दिसली.

आत्याबाईंना मात्र क्षणभर लागला नाही. "रक्तातलं कुठलं, पाव्हणं! आमच्या सात पिढ्यांत कुनाला न्हाई. ह्ये आमच्या सुनंचं काम. जबलपूरास्नं फ्याशन शिकून आली. दुधाची साय घालून कोंबडी करायची आनि पोरीला चारायची. मी रानात असायची, मला काय ठाव? पोर भोळी. आनि आलं उठून!"

बनुबाईंचा हात पोटावर गेला. "आनि आजची?"

"आज खोबऱ्याचं दूध! मी माझ्या हातानं काढून दिलंय. शप्पत देवाची."

मी तिथंच उभी, हातात खरकटं प्यान. बोलणार होते. वाटी पदराखालनं कुणी आणली, ते तोंडावर आलं होतं. तेवढ्यात आत्याबाईंनी माझं मनगट धरून मला परड्याच्या दारात ओढलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. शालूबाईंच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदाच बघितलं.

"पाया पडते रेश्मा तुझ्या. व्हय म्हन. एवढ्यानं तुझं काय जातंय? पोरीचं जुळतंय. अक्षता पडल्या की दुसऱ्या दिवशी तुला बेळगावच्या गाडीत बसीवते. माझ्या लेकाची आन."

मी शैलाकडं बघितलं. तिला सगळं माहीत होतं. एक शब्द बोलली असती तर! ती जमिनीकडं बघत राहिली. चौदाव्या वर्षापासून जी बाही ओढत आली, तीच पुन्हा मनगटापर्यंत ओढत राहिली.

"सूनबाई," नानासोंनी विचारलं, "खरं का ह्ये?"

"व्हय," मी म्हटलं. "मीच घातली."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मग काय, बनुबाई मोकळ्या झाल्या. अन्नातनं आलेलं औषधानं उतरतं, आमच्या भावकीत एकीचं उतरलं, असं सगळं त्यांनीच सांगितलं. चांदीचं कडं पुन्हा पिशवीतनं बाहेर आलं. जाताना दारात थांबून त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बाई गं, शिकलीसवरली तू. नणंदंचं वाटूळं करताना हात कसा गं न्हाई कापला?" आणि नानासो आत्याबाईंना म्हणाले, "असल्या बाईला सयपाकाला हात लावू देता?"

"आता न्हाई देत," आत्याबाई म्हणाल्या.

लग्न वैशाखात झालं. चारशे पान उठलं आणि मी भाताला शिवले नाही. आचाऱ्याच्या मंडपात गेले तर बायका कुजबुजायच्या. एक म्हातारी तर आपल्या नातीचं ताट उचलून दुसरीकडं गेली. मी सोसलं. म्हटलं, चार दिवसांचं तर आहे. हे सुट्टीवर आले होते, सुट्टी संपली की मी त्यांच्याबरोबर बेळगावला जाणार होते. शैला सासरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ट्रंक बाहेर काढली.

आत्याबाई दळण पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ट्रंक आत ठेव."

"तुम्ही लेकाची आन घेतली होती."

"घेतली हुती. पर डोकं चालीव जरा. तुला तिकडं पाठवली, तू माझ्या लेकाला रांधून घालनार. त्ये वाळव्यात कळंल. बनुबाई म्हनंल, जिनं पोरीला कोड चारलं तिच्या हातात शालूबाईनं पोटचा पोरगा कसा दिला? म्हंजी त्ये खोटं हुतं. म्हंजी रक्तातलंच हाय. आनि शैला दुसऱ्या दिवशी माघारी दारात."

हिशोब बरोबर होता. माझ्या एका 'व्हय'वर शैलाचा संसार उभा होता, आणि तो उभा आहे तोवर मी या घराच्या बाहेर पडायचं नव्हतं आणि चुलीच्या जवळ जायचं नव्हतं. हे त्या बाईला त्या दिवशी परड्याच्या दारातच कळलं असणार. मला कळलं नाही.

हे सोप्यात बुटाला पॉलिश करत होते. सगळं ऐकत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तुम्ही दर रविवारी खाल्ली. तुम्हाला उठलं का कुठं?"

"न्हाई."

"शैलाचा डाग कधीपासनं आहे?"

"मला ठाव न्हाई व्हय? मी शाळंत हुतो तवापासनं." त्यांनी बूट खाली ठेवला, दुसरा घेतला. "पर आता शैलाचा इचार कराय नगं का? वरीसभर काढ. तिला एक पोर झालं की समदी इसरत्यात."

"आणि मी?"

"तुला काय कमी हाय हितं?"

माणूस वाईट नाही हो, असं माझी आई म्हणायची ह्यांच्याबद्दल. असेल. बर्फात बंदुकीपुढं उभा राहिला, पण आईपुढं त्यांनी बुटावरनं नजर उचलली नाही. मी आत गेले, ट्रंक खाटेखाली ढकलली आणि रडले नाही. रडलेलं ऐकायला सासू होती.

निघायच्या दिवशी सकाळी हे परड्यात गेले आणि माझं प्यान घेऊन आले. ताटल्यांच्या खाली पालथं पडलं होतं, करपल्या मुठीचं. राखेनं घासून, पुसून त्यांनी ते होल्डॉलमध्ये घातलं.

"ह्ये नेतो," म्हणाले. "तू काय आता हितं करनार न्हाईस. तिकडं एकट्याला बरं पडंल. एका भांड्यात समदं हुतंय." मग पट्टा आवळता आवळता थांबले, आणि जबलपूरच्या रविवारी हसायचे तसं हसले. "व्हय गं, संत्र्याचं ध्यानात हाय माझ्या. साय कवा घालायची?"

मी त्यांच्याकडं बघितलं. कर्नलबाईंचं नाचणारं बोट आठवलं.

"लिंबू पिळायचं," मी म्हटलं. "चांगली खळखळून उकळी येऊ द्यायची. उकळी आली की त्यातच साय ओतायची, सगळी एकदम. आणि प्यान खाली उतरवायचं नाही."

"जाळ बारीक?"

"छे. मोठा."

"मोठा," ते म्हणाले, दोनदा स्वतःशी घोकलं, आणि होल्डॉल खांद्याला लावून एसटी धरायला गेले.