धूप कमी झाली

"धूप कुठं राहिली आता, बाय?" बांबूवर बोंबील अडकवता अडकवता जमुना म्हणाली. "ढग हटतच नाय. तीन-तीन दिस मासळी ओलीच. गेल्या साली तुमच्या पोरींनी इचारलं, तवा पण आमी हेच सांगितलं. धूप कमी झाली."

जमुना दोन वर्षांपूर्वीच झाईहून लग्न होऊन या आळीत आलेली. तिने निलमला ओळखलं नाही, आणि निलमला त्याचं बरंच वाटलं होतं. शेजारी उभी असलेली हेतल, निलमची विद्यार्थिनी, हसू दाबत म्हणाली, "मॅडम, हे लोक उन्हाला धूप म्हणतात!"

"माहीत आहे," निलम म्हणाली. माहीत होतंच, आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

भूगोलाच्या पुस्तकात जमीन झिजून वाहून गेली की त्याला धूप म्हणतात. निलम पंधरा वर्षं कॉलेजात ते शिकवत होती. प्रश्नावलीतला चौथा प्रश्न तिचाच: तुमच्या किनाऱ्याची धूप वाढली आहे की कमी झाली आहे? चिंचणीच्या या आळीतल्या चाळीसपैकी एकतीस घरांनी 'कमी झाली' सांगितलं. निलमने तेच अहवालात ठणकावून लिहिलं आणि परिसंवादात टाळ्याही घेतल्या. पुढे तो अहवाल कुठल्याशा कचेरीत गेला आणि दगडी बंधाऱ्याच्या यादीतून ही आळी गळली. या पावसाळ्यात उधाणाने सहा घरं नेली. ती बातमी वाचून आज तिला यावंच लागलं.

वा रे विद्वान! बारा वर्षांची होईपर्यंत ती याच आळीत बोंबील वाळत घालत होती. सकाळी आभाळाकडे बघून आई विचारायची, "आज धूप निघंल काय गो?" एकदा जरी निलम स्वतः प्रश्न घेऊन आली असती, तर पहिल्याच दारात चूक कळली असती. पण वेळ नाही असं सांगून तिने पोरींना धाडलं. खरं तर तिला लाज वाटायची. आई मासळीचे हात तसेच गालावरून फिरवेल, चारचौघांत 'निले' म्हणून हाक मारेल, याची लाज. आईला भेटायचं झालं तर ती तिलाच डहाणूला बोलावून घ्यायची. चार वर्षांत आळीत पाऊल टाकलं नव्हतं. सासरच्या आडनावाआड ती छान लपली होती.

"आता हिरीमावशीचं घर," हेतल म्हणाली. "गेल्या वेळी मीच फॉर्म भरला होता. एकट्याच असतात बिचाऱ्या."

तिने जुना फॉर्म पुढे केला. हिरी, वय सदुसष्ट. प्रश्न चार: कमी झाली. प्रश्न नऊ: कुटुंबात कोणी कॉलेज शिकलं आहे का? हेतलच्या टपोऱ्या अक्षरात उत्तर होतं: 'कोणी नाही.'

निलमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरी कोणाच्या कॉलेजातून आल्यात हे आईने तेव्हाच ओळखलं असणार.

हिरी दारातच उभी होती. लेकीला पाहून तिचा चेहरा उजळला. मग तिची नजर हेतलवर गेली. पदराला हात पुसत ती परक्यासारखं म्हणाली, "या मॅडम. बसा."

बसायला ओटा राहिलाच नव्हता. उंबऱ्याला वाळूच्या गोणी लावलेल्या, आणि गोणींना भरतीचं पाणी लागत होतं.

निलमने फाइल हेतलच्या हातात दिली.

"आये, दर्यानं किती खाल्लं गो?"

हेतलने दचकून दोघींकडे पाहिलं. हिरीने लुगडं वर खोचलं आणि सरळ पाण्यात उतरली. चालत चालत बरीच लांब गेली, गुडघाभर पाण्यात थांबली आणि तिथून ओरडली, "हितं आपला माड होता, निले! हितं तू अभ्यासाला बसायचीस!"

"नववा प्रश्न खोड," निलम हेतलला म्हणाली. "लिही: 'एक मुलगी.' आणि मोजायच्या टेपचं हे टोक दाराला धरून ठेव."

चपला काढून, टेप उलगडत ती पाण्यात शिरली. टेप तीस मीटरची होती. ती संपली, तरी आई अजून पुढेच उभी होती.