मगरिबआधीचं ताट

रमजान लागला तशी शहनाझने मन्नत बोलली: नवरा सुखरूप घरी येईस्तोवर रोज संध्याकाळी शेजारी ताट द्यायचं, आणि ते कुणी हातात घेतल्याशिवाय आपला रोजा सोडायचा नाही.

नवरा, खैरुद्दीन, इराकात परदेशी फौजेच्या छावणीत खानसामा होता. आखातातल्या अल नहदा वस्तीत शहनाझ राहायची त्या मजल्यावर शेजारपाजार म्हणजे एकच दार, उम्म सैफचं. ती इराकचीच. टीव्हीवर फौज ज्या शहरात घराघरात शिरत होती आणि बंडखोर गच्च्यांवरून गोळ्या झाडत होते, तिथे तिचा सख्खा भाऊ अडकला होता. म्हणून शहनाझने तिला सांगून ठेवलेलं, आमचे हे कुवेतला हॉटेलात आहेत.

उम्म सैफ ताट कधी रिकामं परत करत नसे. त्या दिवशीही इफ्तारनंतर ती खजूर घालून ताट घेऊन आली, चहाला बसली. तेवढ्यात फोन वाजला. शहनाझने स्पीकर लावला. पाहुणीला मराठी थोडंच कळणार होतं!

"जिवंत आहे गं! डबे भरून शहरात पाठवतोय. आज भात करपला, साहेब खवळला. म्हटलं, खलास, उद्या तुम्हीच शिजवा."

शहनाझ हसली. सोफ्यावरून लेक सफा ओरडली, "अब्बा, आर यू स्टिल कुकिंग फॉर द सोल्जर्स?"

इंग्रजी उम्म सैफला येत होतं. तिने चहाचा पेला खाली ठेवला, चपला घातल्या आणि गेली.

दुसऱ्या दिवशी शहनाझने सांदणं उकडली, मटणाचा रस्सा केला. बेल दाबली. आत टीव्ही चालू होता, दार काही उघडेना. सूर्य मावळला, मगरिबची अजान झाली. सफा पाणी घेऊन आली.

"अम्मी, इट्स मगरिब. ड्रिंक!"

"थांब जरा."

"व्हाय?"

शहनाझने पुन्हा बेल दाबली. खरं तर भीती वाटायला हवी होती, रडू यायला हवं होतं. काहीच येत नव्हतं. रश्श्यावर चरबी थिजत चालली होती, ती तिकडेच बघत राहिली.

दार उघडलं. उम्म सैफचे डोळे कोरडे ठक्क.

"युअर हजबंड, फोन?"

"यस."

"माय ब्रदर, नो."

तिने ताट घेतलं. दार लागलं. शहनाझ तिथेच उभ्या उभ्या पाणी प्याली, "बिस्मिल्ला" म्हणायचंही राहून गेलं.

सकाळी उंबऱ्यावर ताट होतं. लख्ख घासलेलं, रिकामं. तिने ते उचललं, ओढणीने पुसलं आणि ओट्यावर ठेवलं. संध्याकाळी तेच भरायचं होतं.