त्याच दिवसाचं पनीर

बायको गेल्यावर कमलाकररावांनी स्वयंपाक सोपा करून टाकला होता. रविवारी मोठ्या कुकरला डाळ-भात लावायचा आणि तो बुधवारपर्यंत पुरवायचा. जोडीला लोणचं, टोमॅटोचं सार, आंबट दही. कॉलेजच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या एकट्या माणसाला लागतं किती?

दुसऱ्या वर्षी अंगावर गांधी उठायला लागल्या. जेवलं की चेहरा लालबुंद, डोकं ठणकायचं. पित्ताच्या गोळ्या झाल्या, काढे झाले. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी काय खाता यापेक्षा कधी केलेलं खाता, हे विचारलं.

"काका, अन्न शिळं होतं, आंबतं, मुरतं, तेव्हा त्यात हिस्टामिन वाढतं. तुमच्या शरीराला ते सोसत नाही. लोणचं, दही, टोमॅटो, वांगं सध्या बंद. जेवण त्या त्या वेळी केलेलं. पनीर चालेल, पण घरचं आणि त्याच दिवशी संपवायचं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी लिटरभर दूध फाडलं, जुन्या पंच्यात गाळलं, धुऊन दाबून ठेवलं. गरम भाकरीबरोबर निम्मं खाल्लं आणि हात निरखत बसले. तास झाला, दोन तास झाले, एक गांध उठली नाही. आनंद झाला, पण सांगायचं कुणाला? उरलेलं पनीर वाटीत घेऊन ते खालच्या मजल्यावर गेले.

खाली अक्कम्मा राहायच्या. सीमेकडच्या मैंदर्गी गावच्या, मुलगी सासरी गेल्यापासून एकट्याच. वर्षभर जिन्यात भेटत होत्या, बोलणं असं नव्हतं. त्यांनी पनीर घेतलं आणि संध्याकाळी वाटी भरून परत आणली. भरली वांगी होती.

"रिकामी वाटी कशी द्यायची?" त्या म्हणाल्या.

वांगं नको, असं कमलाकररावांच्या तोंडातून निघेना. दोन वर्षांत त्यांच्यासाठी म्हणून कुणी काही रांधलं नव्हतं. त्यांनी चारही वांगी खाल्ली.

सकाळी दार उघडलं तेव्हा डोळे सुजून बारीक झाले होते. अक्कम्मा पायरीवरच थबकल्या.

"अय्यो! काय झालं हो?"

त्यांनी सगळं सांगितलं.

"मग तोंडानं सांगायचं की! माज्या हातचं खाऊन काय बरंवाईट झालं असतं तर?" त्या रागावल्या होत्या, आणि घाबरल्याही होत्या.

त्यानंतर कमलाकरराव पनीर देऊन येत आणि वाटी घासून, पुसून, रिकामी परत येई. दाराशी ठेवलेली ती वाटी उचलताना त्यांना गांधींपेक्षा जास्त टोचायचं. असे तीन आठवडे गेले.

मग एका सोमवारी ते वाटी घेऊन दारातच उभे राहिले. "अक्कम्मा, तुमच्या तव्यावरची भाकरी इथंच बसून खाल्ली, तर मला काही होणार नाही. तव्यावरून ताटात. चालेल?"

त्या आत वळल्या. मग पीठ काढत म्हणाल्या, "दार उगडंच राहू द्या."

ते उंबऱ्याजवळ पाटावर बसून जेवले. दोन भाकऱ्या, मूगडाळ, पनीर. अक्कम्मा पाठमोऱ्या थापत होत्या. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "सोमवारी येत जावा. रोज नको. लोक बोलत्यात."

"बरं," ते म्हणाले.

बाकीचे सहा दिवस ते आपल्या ओट्यापाशी उभ्यानंच जेवतात, गरम आहे तोवर.