मी खुर्ची होते, मग सापळा झाले

मित्रांनो, मी एक जुनी पिवळी प्लास्टिकची खुर्ची आहे. माझ्यामुळे एका धडधाकट माणसाला पँट सोडून घरी जावं लागलं. असं काही घडलंच नाही, असं आमच्या घरात ठरलं आहे. तेव्हा तो विषय संपला.

कारखान्यातल्या साच्यातून गरमागरम बाहेर पडले, तेव्हा वाटलं होतं की आपला जन्म पाहुण्यांसाठी. ओसरीत बरी वर्षं गेली. मग माझा एक पाय वाकला आणि मला मोरीशेजारी ठेवलं. माझ्यावर बादली बसू लागली.

एके सकाळी घरच्या थोरल्या सूनबाईंनी, म्हणजे वहिनींनी, मला उचलून थेट कपाशीत नेलं. एरंडेल आणि राळ गरम करून केलेला चिकट लेप माझ्या अंगभर फासला. मी हबकलेच. कपाशीचा रस पिणाऱ्या पांढऱ्या माशीला म्हणे पिवळा रंग आवडतो. ती आली. थवेच्या थवे आले. आयुष्यात मला इतके पाहुणे मिळाले नव्हते, आणि एकही परत गेला नाही. आनंद मानावा की धक्का बसवून घ्यावा, कळेना. धक्का बसला.

शिवाय वहिनींनी निंबोळ्या कुटून भिजवल्या, तो अर्क जुन्या ओढणीतून गाळला आणि थोडा साबण घालून फवारला. घरभर कडू वास सुटला.

शेतात निम्मा वाटा असलेले धाकटे दीर वैतागले. "वहिनी, पीक वाचवायचंय की माशांना आंघोळ घालायचीय? उद्या मी जालीम औषध मारणार. पानांवर आता काळे काटेरी किडेही आलेत."

"आधी शेतात चक्कर तर मारा, भाऊजी."

ते आले, दमले आणि मला पाहून बसले. बसले ते बसलेच.

"वहिनी, ही खुर्ची मला सोडत नाहीये."

"बऱ्याच दिवसांनी माणूस मिळालाय तिला."

"चेष्टा पुरे. ओढा मला."

"ओढते. बसलाच आहात तर समोरचं पान उलटून बघा."

त्यांनी पान उलटलं. "हाच तो काळा किडा."

"ती ढालकिड्याची, त्या लाल ठिपकेदार भुंग्याची अळी. काय खातेय ते बघा."

अळी पांढऱ्या माशीची पिल्लं एकामागून एक फस्त करत होती. भाऊजी बराच वेळ पाहत राहिले. माझ्यावर इतका शांत कुणीच बसला नव्हता.

"उद्याच्या औषधानं हीसुद्धा मेली असती?"

"ही आधी."

भाऊजींनी पट्टा सोडला. पुढचं घडलेलं नाही. औषधाचा डबा मात्र दुसऱ्या दिवशी न उघडता दुकानात परत गेला.

सबब, संबंधित खात्यास नम्र विनंती की, यापुढे कपाशीवर विषारी औषध मारण्यापूर्वी ढालकिड्याच्या अळीची लेखी संमती घेण्यात यावी, आणि तिला लिहिता येईपर्यंत फवारणी स्थगित ठेवावी.