भिंतीतलं जांभूळ

टेपचं टोक खोडामागे सारून बाईंनी आवाज दिला, "पलीकडून कुणीतरी धरा हो."

पलीकडून एक सुरकुतलेला हात आला आणि त्याने टोक पकडलं. हाताचा मालक दिसत नव्हता. अंगणाच्या मधोमध भिंत होती. जांभळाशी येऊन ती थांबली होती आणि झाडाला वाट देऊन पुढे पुन्हा सुरू झाली होती. दोघे भाऊ वेगळे झाले तेव्हाची ती भिंत. झाड कुणाच्याच वाटणीत बसेना, म्हणून ते भिंतीतच राहिलं.

बाईंचं काम झाडं तपासण्याचं. नव्या बांधकामाला परवानगी मिळण्याआधी जागेवरचं कोणतं झाड ठेवायलाच हवं आणि कोणतं गेलं तरी चालेल, हे त्यांनी सांगायचं. थोरल्याला आपल्या बाजूला तळमजल्यावर एक खोली वाढवायची होती. नकाशात त्या खोलीचा कोपरा नेमका जांभळाला भिडत होता.

"त्यांना सांगा, टेप जरा ताठ धरा म्हणावं," भिंतीपलीकडून धाकटा म्हणाला. "मान बरी ताठ धरता येते, टेपला काय होतंय!"

थोरला टेपचं दुसरं टोक धरून बाईंच्या शेजारीच उभा होता. "त्यांना सांगा, जीभ आवरा म्हणावं."

बाईंनी कुणालाच काही सांगितलं नाही. दोघांचेही कान शाबूत होते.

खोड छातीच्या उंचीवर मोजायचं, असा नियम. कुणाची छाती, हा वाद नको म्हणून बाईंकडे खूण केलेली काठी होती. खुणेच्या खाली झाड दुभंगलं असेल तर ती दोन झाडं, वर दुभंगलं असेल तर एक. त्यांनी काठी मातीवर टेकवली. फाटा खुणेच्या चार बोटं खाली होता.

"दोन," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या बाजूचं बारीक आहे, ते काढायला परवानगी मिळेल. एक धरलं असतं तर एवढ्या मोठ्या झाडाला हात लावता आला नसता. मुळांसाठी भोवती जागा सोडावी लागली असती, आणि तुमची खोली त्याच जागेत येतेय."

"बरं," थोरला म्हणाला. ज्याच्या मनासारखं झालं त्याचं 'बरं' असं नसतं.

बाई बुंध्याशी उकिडव्या बसल्या. जमिनीशी येताना झाड पाय पसरतं. हे मात्र खांब रोवल्यासारखं सरळ मातीत शिरलं होतं.

"इथे कधी भराव टाकलाय का? उंची मूळ जमिनीपासून धरायची असते."

"नाही," थोरला म्हणाला. "पहिल्यापासून असंच आहे."

भिंतीपलीकडे कुणीतरी खाकरलं. मालक नाही म्हणाला, पलीकडच्यानेही खोडून काढलं नाही. बाई उठल्या.

"एक सांगून ठेवते. खाली दोन्ही एकजीव झालीत. एक कापलं की कूज दुसऱ्यात उतरणार. तेही फार टिकेल असं नाही."

थोरल्याने सालीवर हात ठेवला. "आम्हीच लावलंय हे," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. "लावलं कसलं! आई वेलासाठी खड्डा करत होती. आम्ही जांभळं खात बसलो होतो. दोघांनीही बिया त्यातच थुंकल्या."

"आधी मी थुंकलो," भिंत म्हणाली.

"त्यांना सांगा, त्यांना तेव्हा धड थुंकताही येत नव्हतं. सगळं सदऱ्यावर."

बाईंना हसू आलं. थोरला मात्र आता झाडाशीच बोलत असावा. "उगवल्यावर रोज भांडण, माझं की तुझं. आई म्हणायची, नदीचं मूळ, ऋषीचं कूळ आणि या जांभळाचं बी शोधू नये. मग फळं धरायला लागली. आम्ही तिच्यासमोर जिभा काढून उभे राहायचो, कुणाची जास्त जांभळी ते ती ठरवायची. आज मी, तर उद्या हा. निकाल रोज फिरवायची."

'हा' म्हणताना त्याची मान भिंतीकडे वळली. त्याच्या ते लक्षात आलं आणि त्याने ती पुन्हा झाडाकडे फिरवली.

"बाई," धाकट्याने विचारलं, "एवढं घर असताना खोली कशाला हवीय त्यांना?"

थोरला सालीचा पापुद्रा सोलत राहिला. अर्जात कारण लिहिलेलं होतं. सांगावं की नाही, असं बाईंना वाटलं. मग त्यांनी सांगितलं. "गुडघे गेलेत त्यांचे. झोपायची खोली वर आहे, जिना चढवत नाही."

"मग दोनच धरा," धाकटा म्हणाला. आवाज खाली आला होता. "माझ्याकडचं पुढे जाईल तेव्हा जाईल."

थोरला घरात गेला. पाणी आणायला गेले असतील, असं समजून बाई काठी आवरू लागल्या. तो फावडं घेऊन आला आणि बुंध्याशी घाव घातला.

"अहो, गुडघे तुमचे..."

"असू द्या." दुसरा घाव. "भिंतीच्या पायाची माती आहे ही. कुठे टाकायची, म्हणून झाडाशीच ओतली. दोन्हीकडे."

तो दमून थांबला, तरी फावड्याचा आवाज थांबला नव्हता. पलीकडूनही माती उपसली जात होती.

वीतभर खाली विटा लागल्या. तिरप्या रोवलेल्या, ओबडधोबड. पोरांच्या हातचं आळं होतं ते. थोरला फावड्यावर रेलून त्या विटांकडे बघत राहिला. त्यांच्या आत जांभळाने पाय पसरले होते. बाईंनी तिथे, जुन्या जमिनीवर, काठी टेकवली. फाटा आता खुणेच्या वर होता.

"एक," त्या म्हणाल्या. "खोली बसणार नाही."

"ठाऊक आहे."

"आणि गुडघ्यांचं काय?" पलीकडून प्रश्न आला.

"गुडघ्यांचं गुडघे बघतील."

घेर पुन्हा घ्यायला हवा होता. बाईंनी टोक खोडामागे सारलं. मातीने भरलेला हात आला आणि त्याने ते पकडलं. अलीकडून थोरल्याने टेप ओढून पाहिली.

"सैल धरलीयस रे," तो म्हणाला.

पलीकडे क्षणभर काहीच हललं नाही. मग टेप ताठ झाली. बाईंना आकडा दिसला होता. तरी त्यांनी "सोडा" म्हणायला थोडा वेळ लावला.