इंझोरीचा पाहुणा

तो अपघात मी पाहिलेला नाही. मालेगावच्या रस्त्यावर एका ट्रॅक्टरमागे थांबलेल्या भाड्याच्या गाडीवर मागून दुसरी मोटार आदळली आणि मागच्या बाकावर बसलेल्या साधनाचे डोके आधी मागे, मग पुढे फेकले गेले, असे मी ऐकले आहे. ऐकीव गोष्ट मी ऐकीव म्हणूनच सांगेन. त्या वेळी मी वाशीमच्या एका औषधाच्या दुकानात, काचेमागे, पारदर्शक पिशवीत पडून होतो.

मी मानेचा पट्टा बोलतोय. आत स्पंज, वर सुती कापड, मागे चिकटपट्टी, म्हणजे वेल्क्रो. मला ताठ राहण्यासाठी बनवले आहे. आणि क्षमा करायची तर थोडे तरी वाकावे लागते. तेव्हा माझ्याकडून तिची अपेक्षा करू नये.

डॉक्टरांनी क्ष-किरणांचे चित्र उजेडावर धरले. हाडे शाबूत होती. इजा होती ती हाडांना बांधून ठेवणाऱ्या बंधांना आणि स्नायूंना; ती त्या चित्रात उमटत नाही. साधनाच्या घरी भाजीपाल्याचा मळा आहे. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, यांनी भरलेले टोपले डोक्यावर घेऊन ती बाजार गाठत असे. आता रिकाम्या टोपल्यानेही तिची मान थरथरते, हातांना मुंग्या येतात, आणि मागून कोणी हाक मारली तर बैलगाडी वळावी तशी ती सबंध वळते. हे मी आतून, तिच्या कातडीला लागून, रोज अनुभवतो.

ज्या मोटारीने धडक दिली तिच्या विमा कंपनीचा माणूस तडजोडीला आला. थोडीफार रक्कम लगेच मिळेल, मात्र 'किरकोळ मुका मार' असे लिहून द्यावे लागेल.

"मुका मार?" साधना म्हणाली. "मंग एक दिवस माही मान तुमी घिऊन जा भाऊ, तुमची मले द्या. संध्याकाळी सांगा मुका हाय का बोलते ते."

तडजोड फिसकटली. सुप्रिया नावाच्या वकीलबाईंनी वाशीमच्या न्यायाधिकरणात दावा दाखल केला. उपचार, साधनाच्या जागी लावावी लागणारी मजुरीण आणि पुढची वर्षे, एवढेच मागितले; एक पैसाही फुगवला नाही.

मग एका दुपारी तो पाहुणा आला. पांढरी टोपी, स्वच्छ धोतर, पिकलेल्या मिशा. अंगणातूनच त्याने साधनाच्या सासूला हाक मारली.

"सोजरबाई हायत काय घरी? मी इंझोरीचा शालिग्राम. मारुतीच्या पाराजवळचा."

इंझोरी हे सोजरबाईचे माहेर. चेहरा तिला ओळखू येईना. पण माहेर सोडून जिला उभे आयुष्य झाले, तिला माहेरच्या कोणत्या चेहऱ्याची खात्री असते? तिने घाईघाईने बाज टाकली. "या बाप्पा, या! साधना, पानी आन व. माह्या माहेरचे हायत, पाया पड!"

वडीलधाऱ्या पाहुण्यासमोर या घरच्या सुना डोक्यावर पदर घेतल्याशिवाय येत नाहीत. माझ्या चिकटपट्टीचे काटे पदराचे धागे धरतात, म्हणून अशा वेळी साधना मला उतरवते. तिने मला दाराआड खुंटीला टांगले, पदर घेतला, तांब्या नेऊन ठेवला आणि ती वाकली.

"थांब पोरी, एक फोटो घेऊ दे. इंझोरीत दाखवतो सगळ्याईले," पाहुणा म्हणाला.

फोटो निघेपर्यंत ती तशीच वाकून राहिली. चहा झाला. जाताना सोजरबाईने त्याला वांग्यांची पिशवीही दिली. तो दिसेनासा झाल्यावर साधना भिंतीला धरून आत आली आणि दात आवळून जमिनीवर आडवी झाली. आडव्यानेच तिने मला पुन्हा बांधले.

तो फोटो पुढे कंपनीच्या कागदपत्रांत आला. खाली लिहिले होते : 'दावेदार पट्ट्याविना वावरते व विनासायास वाकते.' शालिग्राम हा कंपनीने नेमलेला तपासनीस होता.

सुप्रियाबाईंनी तो फोटो दाखवला तेव्हा सोजरबाईने आधी त्यातले स्वतःचे हसू पाहिले. मग ती सुरू झाली. "मेल्या, माह्या माहेराचं नाव घिऊन चहा ढोसला! माहेच वांगे घिऊन गेला! तुह्या टाळूवर कावळा बसो!"

साधना शिव्या देत नव्हती. ती एवढेच म्हणाली, "म्याडम, तडजोडीची चिठ्ठी आता आली तं फाडा. त्याले उभा करा. मले त्याच्या तोंडून आयकाचं हाय."

त्या क्षणापासून आम्हा दोघांचा हेतू एक झाला. भरपाई तिला हवीच होती. पण आता आम्हाला शालिग्रामचा गळा हवा होता. घट्ट, शेवटच्या पट्टीपर्यंत.

साक्षीच्या दिवशी शालिग्राम तेच धोतर नेसून आला. सुप्रियाबाईंनी आवाज चढवला नाही.

"ती वाकली, कारण तुम्ही सासूच्या माहेरचे म्हणून घरात शिरलात. खरे?"

"मी आलो. पाया पडा असं म्या नाई म्हटलं."

"तुम्ही इंझोरीचे आहात?"

तो न्यायाधीशांकडे पाहू लागला. "नाई. अनसिंगचा."

मागच्या बाकावर सोजरबाई पुटपुटली, "अनसिंगात वांगे नाई भेटत काय रे?" शिपायाने डोळे वटारले. साधना मात्र हसली नाही. त्याच्या तोंडचा शब्द न् शब्द ती गिळत होती. तिच्या घशाची हालचाल मला कळत होती. सूड गोड लागतो. मी ते नाकारणार नाही.

मग शेवटचा प्रश्न आला. "सोजरबाईंचे माहेर इंझोरीचे, तिथे मारुतीच्या पाराजवळचे, हे तुम्हाला कोणी सांगितले?"

शालिग्राम धोतराचा सोगा सावरू लागला. न्यायाधीशांनी उत्तर देण्यास बजावले.

"नाव नाई आठवत, साहेब. पन त्याईच्या घरचंच मानूस होतं."

साधना मागे बसलेल्या आपल्या माणसांकडे वळली. नवरा, दीर, जाऊ, सासू. तिला सबंध वळावे लागले आणि वेळ लागला. तेवढ्या वेळात चौघांचेही चेहरे सारखेच कोरे झाले होते.

दाव्याचा निकाल राखून ठेवला आहे. माझे कापड विटले आहे, कडा सुटल्या आहेत, आणि वाचकहो, माझी एकच विनंती आहे : निकाल लागेपर्यंत मला कोणी फेकू नये. त्या घरात अजून एकाच चुलीवर स्वयंपाक होतो, आणि आता कोणीही पाहुणा आला तरी साधना मला उतरवत नाही. शालिग्राम एकदा खोटे बोलला होता. दुसऱ्यांदा खरे बोलला की नाही, हे मला ठाऊक नाही. तिलाही नाही.